यमूची गोष्ट सांगणारे हरिभाऊ

दिवाळी आटोपली आणि धानाची कापणी झाली, की आपल्या झाडीपट्टीत नाटकांचा हंगाम सुरू होतो. गावात दिवसा मंडई भरते आणि रात्री मंडपात नाटक रंगते. वडशाच्या नाटक मंडळ्या गडचिरोली आणि चंद्रपूर जिल्ह्यांतील गावोगाव फिरतात. रात्री उशिरा उघडलेला पडदा पहाटे पडतो. दुसऱ्या दिवशी काही मुले तारवटलेले डोळे घेऊन शाळेत येतात. ज्यांना नाटक पाहता आले नाही, त्यांना ती मधल्या सुट्टीत नाटकाची गोष्ट सांगू लागतात. नाटकात कोण कोण होते, ते कुठे राहत होते, त्यांच्यात भांडण कशावरून झाले आणि शेवटी काय झाले, हे सारे ती रंगवून सांगतात.

ही मुले न कळत पात्र, स्थळ, कथानक, संघर्ष आणि शेवट यांविषयीच बोलत असतात. मात्र हेच शब्द पुस्तकात छापलेले दिसले, की ते आपल्याला परके वाटतात. प्रश्नपत्रिकेत आले, की भीती वाटते. म्हणून आज आपण हे शब्द एका माणसाच्या आयुष्यातून समजून घेऊ. या माणसाने आपले सारे आयुष्य गोष्टी सांगण्यात घालवले. त्याचे नाव हरी नारायण आपटे. लोक त्यांना आदराने हरिभाऊ म्हणत.

हरिभाऊंचा जन्म ८ मार्च १८६४ रोजी खानदेशातील पारोळे येथे झाला. हे गाव आज जळगाव जिल्ह्यात आहे. लहानपणीच त्यांची आई वारली. त्यांचे चुलते महादेव चिमणाजी आपटे हे वकील होते. त्यांच्या आधाराने हरिभाऊ वाढले. त्यांचे सुरुवातीचे काही शिक्षण मुंबईत झाले आणि पुढे ते पुण्यात आले. घर मोठे होते. माणसे पुष्कळ होती. अशा घरात बायकांचे कष्ट, सुनांचा सासुरवास, लहान मुलींची लग्ने आणि विधवांचे हाल या रोज डोळ्यांसमोर घडणाऱ्या गोष्टी होत्या. त्या काळच्या रीतीप्रमाणे हरिभाऊंचे स्वतःचे लग्नही लहान वयातच झाले.

१८८० साली पुण्यात न्यू इंग्लिश स्कूल सुरू झाले. हरिभाऊ तेथे शिकले. विष्णुशास्त्री चिपळूणकर, बाळ गंगाधर टिळक आणि गोपाळ गणेश आगरकर असे शिक्षक तेथे होते. १८८२ साली चिपळूणकरांचे अकाली निधन झाले, तेव्हा त्यांच्या या विद्यार्थ्याने शोककविता लिहिली. पुढे आगरकरांनी शेक्सपिअरच्या हॅम्लेट नाटकाचे मराठीत रूपांतर केले. हरिभाऊंनी आपल्या या गुरूच्या पुस्तकाची मोठी परखड परीक्षा लिहिली. गुरूबद्दल आदर ठेवूनही पुस्तकातील दोष दाखवता येतात, हे त्यांनी तरुण वयातच शिकून घेतले होते.

हरिभाऊंचे वाचन अफाट होते. संस्कृत आणि इंग्रजी साहित्य ते आवडीने वाचत. पण गणिताशी त्यांचे जमले नाही. त्यामुळे त्यांना बी. ए. ची पदवी मिळाली नाही आणि कॉलेज सोडावे लागले. ज्यांचे गणिताशी सख्य नाही, त्या मुलांना हे वाचून थोडा धीर येईल. मात्र एक गोष्ट विसरू नका. हरिभाऊंनी पदवी सोडली, अभ्यास सोडला नाही.

हरिभाऊंच्या आधीही मराठीत कादंबऱ्या होत्या. कादंबरी म्हणजे आपण उर्दूत ज्याला नाविल म्हणतो ती. उर्दूने हा शब्द इंग्रजीतून घेतला. मराठीने तो एका पुस्तकाच्या नावावरून घेतला. सातव्या शतकात बाणभट्ट नावाच्या पंडिताने संस्कृतात 'कादंबरी' नावाचा ग्रंथ लिहिला होता. कादंबरी हे त्या ग्रंथाच्या नायिकेचे नाव. मराठीत पुढे या साऱ्या साहित्यप्रकारालाच ते नाव मिळाले.

१८५७ साली बाबा पदमनजी यांनी विधवांच्या दुःखावर 'यमुनापर्यटन' हे पुस्तक लिहिले. ते मराठीतील पहिली कादंबरी मानले जाते. पण त्यानंतर आलेल्या 'मुक्तामाला', 'मंजुघोषा' यांसारख्या बऱ्याच कादंबऱ्या राजपुत्र, राजकन्या, संकटे आणि चमत्कार यांतच रमल्या. अशा लेखनाला अद्भुतरम्य म्हणतात. उर्दूतील दास्तान आठवा. अमीर हमजाच्या दास्तानीत जादूगार, तिलिस्म आणि परी भेटतात. ते वाचताना मौज वाटते, पण शेजारच्या घरात काय चालले आहे, ते त्यातून कळत नाही.

१८८५ साली हरिभाऊंची 'मधली स्थिती' ही कादंबरी वर्तमानपत्रातून येऊ लागली. तेव्हा ते जेमतेम एकवीस वर्षांचे होते. या कादंबरीत राजवाडा नव्हता, तर पुण्यातील माणसे होती. जुने सुटले आहे आणि नवे नीट हाती आलेले नाही, अशा मधल्या अवस्थेत सापडलेला समाज होता. जीवन जसे आहे तसे दाखवणाऱ्या अशा लेखनाला वास्तववादी म्हणतात. मराठी कादंबरीला वास्तवाच्या वाटेवर ठामपणे आणणारे लेखक म्हणून आज हरिभाऊंचे नाव घेतले जाते.

१८९० साली हरिभाऊंनी 'करमणूक' नावाचे साप्ताहिक सुरू केले. करमणूक म्हणजे मनोरंजन. घरातील सर्वांनी, बायकामुलांनीही वाचावे आणि वाचता वाचता काही शिकावे, हा त्यांचा हेतू होता. हे साप्ताहिक त्यांनी सुमारे सत्तावीस वर्षे चालवले. त्यांच्या बहुतेक कादंबऱ्या त्यातूनच क्रमशः आल्या. क्रमशः म्हणजे थोडी थोडी, हप्त्याहप्त्याने. एका आठवड्यात एक भाग छापून येई. पुढे काय होणार, म्हणून वाचक पुढच्या अंकाची वाट पाहत. या वाट पाहायला लावणाऱ्या गुणाला उत्कंठा म्हणतात.

पण या पद्धतीचा एक तोटाही होता. दर आठवड्याला मजकूर द्यायचा, म्हणून कादंबरी लांबत जाई. हरिभाऊंच्या लेखनात पाल्हाळ आहे, असे टीकाकार म्हणतात, त्याचे हे एक कारण आहे. 'गणपतराव' सारख्या काही कादंबऱ्या तर अपुऱ्याच राहिल्या.

याच 'करमणुकी'तून १८९० ते १८९३ या काळात हरिभाऊंची सर्वांत प्रसिद्ध कादंबरी प्रसिद्ध झाली. तिचे नाव 'पण लक्षात कोण घेतो'.

ही यमू नावाच्या मुलीची गोष्ट आहे. यमूचे बालपण पुण्यातील जुन्या वळणाच्या घरात जाते. मोठा भाऊ, म्हणजे दादा, तिच्यावर माया करतो. लहान वयातच तिचे लग्न होते. सुदैवाने नवरा रघुनाथराव समंजस आणि शिकलेला मिळतो. तो तिला लिहावाचायला शिकवतो. पुढे दोघे मुंबईला येतात. मोकळेपणाने बोलणे, वाचणे, चार लोकांत मिसळणे हे यमूच्या वाट्याला प्रथमच येते. पण हे सुख टिकत नाही. रघुनाथराव आजारी पडून मरण पावतात. यमूला पुन्हा पुण्याच्या घरी आणले जाते. तेथे शंकरमामंजी या कठोर माणसाच्या पुढाकाराने, तिच्या इच्छेविरुद्ध, तिचे केस काढले जातात. त्या काळी विधवेचे केशवपन करण्याची क्रूर रूढी होती. या धक्क्यातून यमू सावरत नाही.

आता आपले शब्द पाहू.

यमू, रघुनाथराव, दादा, शंकरमामंजी आणि यमूची मैत्रीण दुर्गी ही या कादंबरीतील पात्रे आहेत. उर्दूत आपण किरदार म्हणतो. मराठीत पात्र या शब्दाला आणखीही अर्थ आहेत. भांड्याला पात्र म्हणतात. वैनगंगा ज्यातून वाहते, त्यालाही नदीचे पात्र म्हणतात. गोंधळून जाऊ नका. गोष्टीतील पात्र म्हणजे गोष्टीतील माणूस. पात्र चांगले रेखाटले असेल, तर ते जिवंत माणसासारखे वाटते. त्या रेखाटण्याला व्यक्तिचित्रण म्हणतात.

घटना एकामागून एक कशा घडल्या आणि एकीतून दुसरी कशी निघाली, त्या मांडणीला कथानक म्हणतात. उर्दूत आपण प्लॉट म्हणतो. यमूचे लग्न झाले आणि नंतर तिचा नवरा वारला, एवढे सांगितले तर ती नुसती घटनांची यादी झाली. नवऱ्याने तिला शिकवले, त्यामुळे तिला मोकळ्या जगाची चव कळली आणि म्हणूनच पुढचा जाच तिला अधिक असह्य झाला, असे सांगितले तर ते कथानक झाले. कथानकात कारण असते.

पुणे आणि मुंबई ही या गोष्टीची स्थळे आहेत आणि एकोणिसाव्या शतकाचा शेवट हा तिचा काळ. दोन्ही मिळून गोष्टीची पार्श्वभूमी तयार होते. तिला उर्दूत पसमंजर म्हणतात. या कादंबरीत स्थळ बदलले, की यमूचे आयुष्यही बदलते. पुण्याच्या घरात तिचा जीव कोंडतो, तर मुंबईत तो मोकळा होतो.

यमूला शिकायचे आहे, माणसासारखे जगायचे आहे. घरच्या मोठ्यांना रूढी मोडायची नाही. या ओढाताणीला संघर्ष म्हणतात. उर्दूत कशमकश म्हणतात. संघर्ष वाढत वाढत जिथे सर्वांत तीव्र होतो, ती जागा म्हणजे उत्कर्षबिंदू. उर्दूत त्याला नुक्ता-ए-उरूज म्हणतात. यमूच्या केशवपनाचा प्रसंग हा या कादंबरीचा उत्कर्षबिंदू आहे.

आता सर्वांत महत्त्वाचा शब्द पाहू. तो म्हणजे निवेदक. तहसील कार्यालयात लोक निवेदन देतात. तेथे निवेदन म्हणजे आपले म्हणणे मांडणारा अर्ज. साहित्यात निवेदन म्हणजे गोष्ट सांगणे आणि निवेदक म्हणजे ती सांगणारा. उर्दूत त्याला रावी म्हणतात. लेखक आणि निवेदक एकच असतील असे नाही. 'पण लक्षात कोण घेतो' लिहिली हरिभाऊंनी, पण ती सांगते यमू. ही सारी कादंबरी यमूच्या आत्मचरित्राच्या रूपात आहे. तिच्यात मी म्हणजे यमू. अशा निवेदनाला प्रथमपुरुषी निवेदन म्हणतात. व्याकरणात आपण ज्याला वाहिद मुतकल्लिम म्हणतो, तोच हा पुरुष.

हरिभाऊंनी असे का केले असेल? त्या काळात विधवांबद्दल बोलणारे पुष्कळ होते. सभेत भाषणे होत आणि वर्तमानपत्रांत लेख येत. मुलींच्या संमतीचे वय दहावरून बारा वर्षे करणारा कायदा १८९१ साली झाला. त्यावर पुण्यात प्रचंड वाद झाला. पण बोलणारे जवळजवळ सारे पुरुष होते. जिच्याबद्दल ते बोलत होते, ती मुलगी स्वयंपाकघरात गप्प होती. हरिभाऊंनी तिला बोलते केले. त्यांनी यमूला विद्वानांची भाषा दिली नाही. घरातल्या बायका जशा बोलतात, तशी साधी, घरगुती भाषा दिली. वाचकाला वाटले, की आपल्याच घरातील मुलगी आपल्याशी बोलते आहे. वादात माणूस उत्तर देतो, पण अशा मुलीला उत्तर काय देणार? निवेदक निवडणे हे किती मोठे काम आहे, ते यावरून कळते.

एक योगायोग येथे सांगितला पाहिजे. पुण्यात यमूची गोष्ट छापली जात होती, त्याच सुमारास, १८९१ साली, डिप्टी नजीर अहमद यांची 'अयामा' ही उर्दू कादंबरी प्रसिद्ध झाली. त्यांचे 'मिरातुल उरूस' आणि त्यातील अकबरी व असगरी तुम्हांला ठाऊक आहेत. 'अयामा'ची नायिका आजादी बेगम ही विधवा आहे. शरियतने विधवेच्या निकाहाला परवानगी दिली असूनही त्या काळी उत्तर हिंदुस्थानातील अनेक शरीफ घराण्यांत तो कमीपणाचा मानला जाई. नजीर अहमद यांनी या रूढीवर बोट ठेवले. भाषा वेगळी, धर्म वेगळा, गावे एकमेकांपासून शेकडो मैल दूर. पण एकाच वेळी दोन लेखकांना एकच दुःख दिसले. लेखकाला गोष्टीतून जे मुख्यतः सांगायचे असते, त्याला आशय किंवा विषय म्हणतात. उर्दूत मौजू म्हणतात. या दोन्ही कादंबऱ्यांचा विषय एकमेकांच्या किती जवळ आहे, ते पाहा.

हरिभाऊंनी पुढे 'मी' ही कादंबरीही प्रथमपुरुषी निवेदनात लिहिली. तिच्यात देशसेवेसाठी आयुष्य वाहून घेणाऱ्या तरुणाची गोष्ट आहे. त्यांनी ऐतिहासिक कादंबऱ्याही लिहिल्या. टिपू सुलतानाच्या काळावरील 'म्हैसूरचा वाघ' ही कादंबरी त्यांनी मेडोज टेलर या इंग्रज लेखकाच्या कादंबरीच्या आधाराने लिहिली. 'उषःकाल' मध्ये शिवाजी महाराजांच्या उदयाचा काळ आहे. तेथे वृद्ध रंगराव अप्पा विजापूरच्या बादशहाशी एकनिष्ठ आहेत, तर त्यांचा मुलगा शिवाजी महाराजांकडे ओढला जातो. बाप खाल्ल्या मिठाला जागतो आणि मुलगा आपल्या मनाला. दोघांपैकी कोणीही वाईट नाही. दोन भल्या माणसांतही संघर्ष होऊ शकतो, हे हरिभाऊंनी येथे दाखवले आहे. या कादंबरीत कोणतेही पात्र मी म्हणून गोष्ट सांगत नाही. सर्वांच्या मनातले जाणणारा कोणी तरी बाहेरून सांगतो. अशा निवेदनाला तृतीयपुरुषी निवेदन म्हणतात.

हरिभाऊंनी लहान गोष्टीही लिहिल्या. त्यांना ते स्फुट गोष्टी म्हणत. आज आपण लघुकथा म्हणतो. उर्दूतील अफसाना तो हाच. दुष्काळात सापडलेल्या गरीब कुटुंबावर त्यांनी लिहिलेली 'काळ तर मोठा कठीण आला' ही कथा विशेष गाजली. कादंबरीत अनेक माणसांचे मोठे आयुष्य मावते. लघुकथा एखाद्या प्रसंगावर किंवा अनुभवावर उजेड टाकते. जंगलातून दिवसभर चालत जाणे आणि एकाच झाडाजवळ थांबून त्याकडे नीट पाहणे यांत जो फरक आहे, तोच या दोहोंत आहे.

हरिभाऊ केवळ लिहीत बसले नाहीत. त्यांच्या चुलत्यांनी १८८८ साली पुण्यात आनंदाश्रम ही संस्था स्थापन केली होती. तेथे जुनी संस्कृत हस्तलिखिते जपली जात आणि छापली जात. त्या संस्थेचा कारभार हरिभाऊंनी अनेक वर्षे सांभाळला. पुण्याच्या नगरपालिकेतही त्यांनी काम केले आणि तिचे अध्यक्षपद भूषवले. १९१२ साली आपल्या विदर्भात, अकोल्याला, मराठी साहित्य संमेलन भरले. त्याचे अध्यक्ष हरिभाऊ होते. ३ मार्च १९१९ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. तेव्हा ते पंचावन्न वर्षांचेही पूर्ण झाले नव्हते.

पुढे हे संमेलन आपल्या चंद्रपुरातही दोनदा भरले. १९७९ साली त्याचे अध्यक्ष कथाकार वामन कृष्ण चोरघडे होते आणि २०१२ साली कवी वसंत आबाजी डहाके होते. पुण्याच्या वाड्यातील यमूपासून मराठी साहित्य आपल्या जंगलापर्यंत आले, ते असे.

विद्यार्थी मित्रांनो, आता एक प्रयोग करून पाहा. समजा, एका मुलीची शाळा आठवीनंतर थांबली. घरापासून शाळा लांब आहे, वाटेत जंगल आहे आणि घरात काम आहे. ही घटना आधी तिच्या भावाच्या तोंडून लिहा. तो म्हणेल, की घरी मदत झाली. मग वडिलांच्या तोंडून लिहा. ते म्हणतील, की काळजी मिटली. दोघेही खोटे बोलत नाहीत. शेवटी ती मुलगी स्वतः सांगते आहे, असे लिहा. आता तिचे दप्तर, तिची अर्धी राहिलेली वही आणि सकाळी शाळेकडे जाणाऱ्या मैत्रिणींचे आवाज गोष्टीत आपोआप येतील. घटना तीच आहे, निवेदक मात्र बदलला. तिसरी गोष्ट लिहून झाल्यावर पहिल्या दोन पुन्हा वाचा. त्यांत काय राहून गेले होते, ते तुम्हांला कोणी सांगावे लागणार नाही.

पात्र, कथानक, संघर्ष, निवेदक हे शब्द परीक्षेत गुण मिळवण्यापुरते नाहीत. ज्याच्याकडे कोणी पाहत नाही, त्याच्याकडे पाहायला लावण्याची ती साधने आहेत. हरिभाऊंनी आपल्या कादंबरीला प्रश्नासारखे नाव दिले. दुःख सांगितले तरी ते ध्यानात कोण घेणार, असा त्या नावाचा अर्थ आहे. त्या प्रश्नाचे उत्तर कादंबरीत नाही. ते वाचणाऱ्याने द्यायचे आहे.

शब्दार्थ

हंगाम – मोसम
तारवटलेले – जागरणाने लाल झालेले
परखड – स्पष्ट, भीड न धरता केलेले
सख्य – मैत्री, दोस्ती
पाल्हाळ – नको इतकी लांबण
उत्कंठा – पुढचे जाणण्याची ओढ, इश्तियाक
रूढी – चालत आलेली रीत, रस्म
जाच – छळ, जुल्म
केशवपन – विधवेच्या डोक्यावरील केस काढणे
हस्तलिखित – हाताने लिहिलेला ग्रंथ, कलमी नुस्खा

स्वाध्याय

१. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) हरिभाऊंचा जन्म कोठे झाला?
(आ) हरिभाऊंनी कोणते साप्ताहिक सुरू केले?
(इ) मराठीत कादंबरी हा शब्द कशावरून आला?

२. थोडक्यात उत्तरे लिहा.
(अ) अद्भुतरम्य आणि वास्तववादी लेखनात कोणता फरक आहे?
(आ) घटनांची यादी आणि कथानक यांत काय फरक आहे?
(इ) हरिभाऊंच्या कादंबऱ्या लांबत, याचे कारण कोणते?

३. पाच-सहा वाक्यांत लिहा.
हरिभाऊंनी यमूलाच निवेदक का केले असावे, असे तुम्हांला वाटते?

४. पुढील मराठी शब्दांसाठी उर्दू शब्द सांगा.
पात्र, निवेदक, पार्श्वभूमी, संघर्ष, लघुकथा

५. उपक्रम
तुम्ही पाहिलेल्या एखाद्या झाडीपट्टी नाटकाची किंवा उर्दूत वाचलेल्या एखाद्या अफसान्याची पात्रे, स्थळ, काळ, संघर्ष आणि उत्कर्षबिंदू मराठीत लिहा. मग तीच गोष्ट त्यातील सर्वांत गप्प पात्राच्या तोंडून वर्गात सांगा.